बहुपदीला दुसरा शब्द नाही

"एकोणीस," तायडे सरांनी पुकारलं.

"हजर, सर," माझ्या शेजारून निमा म्हणाली.

सर पुढे गेले. मुलींचे नंबर संपत आले तेव्हा त्यांनी "एकतीस" म्हटलं.

"हजर, सर." पुन्हा निमाच.

सरांनी हजेरीवरून मान वर केली. "मघाशी तूच होतीस ना?"

"मघाशी माझी नव्हती सर. एकोणीस नंबर हिचा. कुमुद झांबरे." निमाने कोपर माझ्या बरगडीत टेकवलं. "हिची हजेरी मीच देते. पाचवीपासून."

"का? हिला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. येतं हिला सगळं. फक्त तोंडातून निघायला वेळ लागतो. चौधरी बाईंना माहितीये."

मागच्या बाकांवरून हसणं आलं. ते जुनं, सवयीचं हसणं होतं, त्याचं मला फारसं वाटत नसे. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. प्रत्येक नवा शिक्षक ते म्हणायचाच: असं कसं? उभी राहा बरं. घाबरायचं नाही, सावकाश सांग. मग मी उभी राहायचे, माझ्याच नावाचा 'क' घशात अडकायचा, हनुवटी थरथरायची आणि शेवटी शिक्षक कंटाळून "बस, बस" म्हणायचे.

तायडे सर तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि "असू दे" म्हणून एकोणीससमोर खूण केली.

आमचं गाव रावेरकडचं, केळीचं. शेजारच्या तालुक्यातल्या बी.एड. कॉलेजचे छात्रशिक्षक दर हिवाळ्यात आमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला येत. रंगीत खडू, लांबलचक टाचणं आणि काखेत गुंडाळी फलक, म्हणजे कापडाचा गुंडाळता येणारा काळा फळा, असा त्यांचा सरंजाम असे. हंगामाच्या शेवटी वार्षिक पाठ व्हायचा. त्याला बाहेरचे परीक्षक येत आणि त्या एका तासावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरे. आमच्या गणिताच्या चौधरी बाई बीजगणितातला एखादा धडा या लोकांसाठी राखून ठेवत. त्या वर्षी राखलेला धडा बहुपदींचा होता.

तायडे सर बाकीच्या छात्रशिक्षकांपेक्षा मोठे होते. कानांजवळचे केस पिकलेले. मधल्या सुट्टीत इतर जण कट्ट्यावर खिदळत बसत, तेव्हा हे खिडकीशी उभे राहून टाचण वाचत. ते निमाच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्यामुळे त्यांची बातमी निमाकडे आयतीच पोचे.

"मागच्या वर्षी वार्षिक पाठात नापास झालेले," तिने मला नळाजवळ सांगितलं. "सातपुड्याच्या पायथ्याला एक शाळा आहे, तिथं शिकवतात. आता त्या शाळेला अनुदान मिळू राहिलं. संस्थेने सांगितलंय, यंदा बी.एड. झालात तर कायम करू, नाही तर जागा दुसऱ्याला. त्यांची बायको आली होती ना रविवारी, आईपाशी बसून रडली. दोन लेकरं आहेत गं."

मला 'कशामुळे' विचारायचं होतं. 'क' चुकवून मी विचारलं, "असं व्हायचं निमित्त?"

"म्हणे मुद्द्याचं बोलत नाहीत. वळणं घेतात. गणितातले नेमके शब्दच वापरत नाहीत, असं परीक्षकाने लिहून दिलं. आता तूच सांग, एवढा मोठा माणूस, त्याला काय शब्द येत नसतील?"

मला ते पहिल्याच पाठात कळलं होतं.

ज्याचे शब्द अडतात, तो बोलता बोलता पुढचं वाक्य आधी पाहून ठेवतो. रस्त्यातला खड्डा लांबून दिसावा तसा त्याला शब्द दिसतो आणि तो आधीच वळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस जरा तऱ्हेवाईक बोलतो, इतकंच. तायडे सर कुणाला 'बस' म्हणत नसत, 'जागेवर जा' म्हणत. 'फळ्याकडे पाहा' नाही, तर 'इकडे लक्ष द्या'. 'पण' हा शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हताच, तिथे कायम 'मात्र' असे. हजेरीचे आकडे ते सहज म्हणत, कारण ओळीने म्हटलेलं अडत नाही. पाढेही अडत नाहीत. अडतं ते एकट्याने, चार जणांनी कान दिलेला असताना, एकच नेमका शब्द म्हणायचा तेव्हा. माझा वैरी 'क' होता. त्यांचे 'प' आणि 'ब', आणि त्या दोघांचे भाऊबंद.

सगळ्या वर्गात हे फक्त मला दिसत होतं. आणि मला दिसतंय हे त्यांना कळलं होतं.

एका सराव पाठानंतर चौधरी बाईंनी मला सरांचा गुंडाळी फलक स्टाफरूममध्ये पोचवायला सांगितलं. व्हरांड्यातून आम्ही दोघं चाललो होतो. माझ्या दोन्ही हातांत तो फलक, त्यांच्या हातात खडूंची पेटी.

"तू शब्द चुकवतेस," ते समोर पाहत म्हणाले. "काल ओसरीवर मैत्रिणीला म्हणालीस, 'तुझ्या आईला सांग, येते.' गावातल्या सगळ्या मुली तिच्या आईला काकू म्हणतात."

मी चालायची थांबले. आजवर कुणी मला असं काही म्हटलं नव्हतं. लोक अडलेला शब्द ऐकत. चुकवलेला शब्द सरांनी ऐकला होता.

"तुम्हीही," मी म्हणाले.

"दिसतं?"

"मला दिसतं."

ते थोडं हसले. खिडकीच्या कठड्यावर त्यांनी पेटी ठेवली. "मी गणित घेतलं ते याच्यामुळेच. वाटलं, चिन्हं लिहिली की झालं, बोलायला लागतंय कशाला." 'बोलायला'च्या आधी त्यांचे ओठ क्षणभर मिटले होते, मग शब्द सुटला. "मराठी सोपी. तिथे जल म्हणा, नीर म्हणा, चालतं." जो शब्द त्यांनी घेतला नाही, तो मला ऐकू आला. "इथे तसं नाही. गणितात एका गोष्टीचं एकच नाव." त्यांनी माझ्या हातातल्या गुंडाळीवर बोट ठेवलं. आत धड्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. "याला दुसरा शब्द नाही. मागच्या वर्षी मी 'ही राशी', 'हे सगळं' असं म्हणत राहिलो. त्यांनी अनुत्तीर्ण केलं. त्यांचं चुकलं नाही."

"मग आता?"

"आता सगळ्यांनी मिळून म्हणायचं. मी गुंडाळी एकेक घडी उलगडणार, वर्ग मोठ्याने वाचणार, मी त्यांच्यात. तासाला मुलांकडून वदवून घेतलेलं चांगलंच समजतात. सगळ्यांच्यात माझा आवाज सरळ निघतो."

"माझाही," मी म्हणाले. "प्रतिज्ञेत."

"हो. तसंच."

रोज सकाळी शाळेच्या मैदानात मी प्रतिज्ञा खणखणीत म्हणत असे. आजूबाजूला इतकी तोंडं चालू असली की माझं तोंड त्यांच्याबरोबर वाहत जाई, एकही अक्षर अडत नसे. हे असं का होतं, ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाचं असं होत असेल, हेही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

"कुणाला सांगू नकोस," सर म्हणाले.

"नाही सांगणार."

वार्षिक पाठाच्या दिवशी वर्ग झाडून-पुसून ठेवला होता. मागच्या भिंतीला दोन खुर्च्या लावल्या होत्या. एकीवर कॉलेजच्या दातार बाई, दुसरीवर पांढऱ्या सफारीतले परीक्षक. ते खेकसणारे वाटत नव्हते. उलट आत येताना त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला होता. पोरं मात्र इतकी ताठ बसली होती की बाकं करकरत नव्हती.

सरांचा सदरा कडक इस्त्रीचा होता. निमा पुटपुटली, "आईने करून दिली. सकाळपासून जेवले नाहीत."

"समजा, एक चौरस मळा आहे," सर म्हणाले. "केळीचा. त्याची एक कड x. क्षेत्रफळ किती?"

'बाजू' न म्हणता 'कड' म्हणाले, ते मी टिपलं.

"एक्सचा वर्ग!"

"त्याला लागून रोपांची एक लांब जागा. लांबी x, रुंदी तीन."

"तीन एक्स!"

"आणि कोपऱ्यात विहीर, मोटारीची खोली. त्यांनी अडवलेली जागा चार."

"सर," मागून दिगंबर उभा राहिला. त्याच्या वडिलांचा मळा मोठा होता आणि त्याला तोंडही तेवढंच मोठं होतं. "चारात विहीर नाही मावणार. मोटारीची खोलीच तेवढी होते."

"मग तुझ्या मळ्यात तू मोठी खण," सर म्हणाले. वर्ग हसला. परीक्षकही हसले. दातार बाईंचे खांदे जरा सैल झालेले मला दिसले.

फळ्यावर x² + 3x + 4 उमटलं. सरांनी गुंडाळीची पहिली घडी सोडली. "अशा राशीला काय म्हणतात? सगळे मिळून."

"बहुपदी!"

खिडक्यांची तावदानं वाजली. त्या गदारोळात सरांचा आवाज होता, स्वच्छ आणि सरळ. माझाही होता.

मग एकामागून एक घड्या सुटत गेल्या. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांनी वेगळे झालेले हे तीन भाग, त्यातल्या प्रत्येकाला म्हणायचं: पद. x ची किंमत बदलू शकते, म्हणून तो: चल. x च्या आधी तीन उभा आहे, तो त्याचा: सहगुणक. ज्याच्याजवळ x नाहीच, त्या चाराला: स्थिर पद. प्रत्येक वेळी सर बोट ठेवत आणि शब्द आम्हा सगळ्यांच्या तोंडून निघे. x चा घातांक शून्य किंवा धन पूर्णांकच हवा, अपूर्णांक आला तर ती राशी या कुटुंबातली नाही, हे त्यांनी √x लिहून आणि त्यावर काट मारून दाखवलं. दातार बाई मान डोलावत भराभर लिहीत होत्या.

नंतर त्यांनी दुसरं उदाहरण लिहिलं: x³ + 3x − 5.

"घातांक उतरत्या क्रमाने लावू. तीननंतर कोण यायला हवा?"

"दोन!"

"आलाय?"

"नाही!"

त्यांनी मध्ये जागा करून लिहिलं: x³ + 0x² + 3x − 5.

"सर, शून्य म्हणजे काहीच नाही," दिगंबर म्हणाला. "मग लिहायचं काहून?"

"तो आज आलेला नाही, इतकंच. जागा त्याचीच आहे. ती गाळली, तर नंतरचे सगळे एकेक घर सरकतात आणि उत्तर चुकतं."

शेवटची घडी सुटली. सर्वांत मोठा घातांक, इथे तीन, त्याला त्या राशीची: कोटी. आम्ही ओरडून म्हणालो. सराव पाठात याच शब्दावर दिगंबरने "म्हणजे शंभर लाख का?" असं विचारून हशा घेतला होता. आज त्याने तो मोह आवरला. सरांनी गुंडाळी वर केली. मूल्यमापन, एक-दोन गणितं, गृहपाठ, एवढंच राहिलं होतं. ते पार पडलं की सर कायम होणार होते. पाठ जणू माझाच होता.

"आता या सगळ्यांची उजळणी," सर म्हणाले. "सगळे मिळून सांगा..."

"एक मिनिट, सर." परीक्षक खुर्चीतून जरा पुढे झुकले होते. "पाठ उत्तम चाललाय. पण मघापासून सगळा वर्ग एका सुरात बोलतोय. कुणाला समजलं, कुणाला नाही, तुम्हाला कसं कळणार? आता एकेकाला विचारा. ती बघा, तिसऱ्या बाकावर कडेला बसलीये, दोन वेण्यांची. तिला विचारा, सर्वांत मोठ्या घातांकाला काय म्हणतात."

मी उभी राहिले.

मला उत्तर येत होतं. ते जिभेच्या मुळाशी येऊन बसलं होतं आणि त्याचं पहिलंच अक्षर 'क' होतं. टाळू बंद झाली. श्वास आत राहिला. याला दुसरा शब्द नव्हता.

"कोटी, सर!" निमा म्हणाली. हजेरी द्यावी तशी, सवयीने.

"तुला नाही विचारलं, बाळ," परीक्षक म्हणाले. त्यांनी थोडी वाट पाहिली. वर्गात कुणीतरी पाय घासले. "बरं, येत नसेल तर राहू द्या. दुसऱ्या कुणाला विचारा सर, आणि पुढे चला. वेळ जातोय."

ते चिडून म्हणाले नव्हते. त्यांनी मला सोडवलं होतं आणि सरांनाही वाट करून दिली होती. मी सरांकडे पाहिलं. डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सांगत होते: पुढे जा. माझी सवय आहे. तुम्ही जा.

सर फळ्यापाशी उभे होते.

"तिला येतं, साहेब," ते म्हणाले.

"मग सांगू दे."

"सांगेल. वेळ लागतो."

दातार बाईंनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून त्यांना दाखवलं. सरांनी ते पाहिलं. मग खडू खाली ठेवला, गुंडाळी फलक खिळ्यावरून काढला, नीट गुंडाळला आणि कोपऱ्यात उभा केला.

"कुमुद, थांब," ते म्हणाले. "तुझ्याआधी मी."

ते वर्गाकडे तोंड करून उभे राहिले. "आज आपण शिकतोय त्या धड्याचं नाव..."

आणि या वेळी ते वळले नाहीत. खड्डा समोर दिसत असताना सरळ चालत गेले. ओठ मिटले ते उघडेनात. गळ्याची शीर वर आली, उजवा हात मांडीशी मुठीत वळला. "ब्..." एवढाच आवाज आला आणि पुन्हा ओठ मिटले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याला वाटलं असावं, सर माझी नक्कल करताहेत. मग तेही हसणं बंद झालं. निमाने शब्द पुरवायला तोंड उघडलं, तशी सरांनी तिच्याकडे न बघताच तळहात उभा केला.

"ब्... ब्... बहुपदी," ते म्हणाले. एकट्याने. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने टिपला. "आणि तिचा जो भाग, तो... प्... पद."

परीक्षकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण ते लिहीत नव्हते.

"आता तू," सर मला म्हणाले. "आम्ही इथेच आहोत."

माझं काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी डोळे मिटले होते. हनुवटी थरथरली, मान एका बाजूला ओढली गेली, ते सगळं झालं जे होऊ नये म्हणून मी पाचवीपासून गप्प राहिले होते. फक्त या वेळी "बस, बस" कुणी म्हणालं नाही. 'को' निघाला, तुटला, पुन्हा निघाला.

"कोटी," मी म्हणाले.

"कोणाची?"

हा प्रश्न टाचणात नव्हता. "बहुपदीची," मी म्हणाले. 'ब' माझा वैरी नव्हता.

"जागेवर..." सर म्हणता म्हणता थांबले. "ब्... बस."

त्यानंतर त्यांनी खरोखरच एकेकाला विचारलं. दिगंबरला सहगुणक विचारला, पहिल्या बाकावरच्या पोराला स्थिर पद. प्रत्येकाचं उत्तर पूर्ण होईपर्यंत ते थांबत होते. दोन गणितं आणि गृहपाठ राहिला असताना घंटा झाली.

पाठानंतरची चर्चा व्हरांड्यात होई. माझ्या बाकाशेजारीच खिडकी होती. आम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं आणि त्या दिवशी आम्ही खरंच गप्प बसलो होतो.

"तायडे, अहो, काय करून बसलात?" दातार बाई म्हणाल्या. "किती छान चाललं होतं!"

"विषय पक्का आहे तुमचा," परीक्षक म्हणाले. "मांडणी चांगली. पण उपयोजनाची गणितं नाहीत, गृहपाठ नाही, पाठ अर्धवट राहिला. मी तुम्हाला स्पष्ट सुचवलं होतं. त्या मुलीला सोडून पुढे का गेला नाहीत?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. ते शब्द शोधत नव्हते, हे मला भिंतीच्या अलीकडून कळत होतं. शब्द मिळाला होता. तो निघण्याची ते वाट पाहत होते.

"प्... पुढेच गेले साहेब," तायडे सर म्हणाले. "मी शाळेत असताना. सगळे. मला सोडून."

बाहेर सायकलची घंटा वाजली. कुणीतरी चपला घासत गेलं.

"समजलं," परीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "पण मला गुण पाठाला द्यायचेत."

"हो साहेब."

निकाल उन्हाळ्यात लागला. तायडे सर वार्षिक पाठात अनुत्तीर्ण होते. त्यांच्या शाळेने जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली, हे निमाच्या आईला त्यांच्या बायकोच्या पत्रातून कळलं. त्या पत्रात इस्त्रीबद्दल आभारही होते.

पुढे मी जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदार झाले. तेव्हा गावोगावच्या बातम्या फोनवरून सांगाव्या लागत. पलीकडचा माणूस लिहून घेत असे आणि माणसांची, गावांची नावं बदलून चालत नसे. माझ्या बातम्यांना वेळ लागे. पलीकडून कुणी घाई केली तर मी फोन कानाशी धरून थांबत असे. सातपुड्याच्या बाजूला कामाने गेले की मी तायडे सरांची चौकशी करत असे. एक जण म्हणाला, ते सुरतेकडे गेले. दुसरा म्हणाला, त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा पाठ दिला. दोन्हींपैकी काहीच पक्कं झालं नाही, म्हणून मी त्यातलं एकही धरत नाही.

त्या पाठानंतरचा सोमवार मात्र मला पक्का माहीत आहे.

चौधरी बाई हजेरी घेत होत्या. तायडे सर गाव सोडण्याआधी गुंडाळी फलक शाळेला देऊन टाकायला आले होते. तो काखेत धरून, बाईंची हजेरी संपायची वाट पाहत ते दारात उभे होते. त्यांच्या पायांशी पत्र्याची पेटी आणि वळकटी होती.

"अठरा."

"हजर, बाई."

"एकोणीस."

निमाने श्वास घेतला. मी बाकाखाली तिच्या हातावर हात ठेवला आणि दाबला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"एकोणीस?" बाई पुन्हा म्हणाल्या. "निमे, झोपलीस का?"

"आहे ना बाई कुमुद," दिगंबर मागून म्हणाला. "बसलीये बघा, दिसू राहिली."

"दिसतेय मला. चला. वी..."

"ब्..." दारातून आवाज आला. बाईंनी वळून पाहिलं. सरांचे ओठ मिटलेले होते, मान किंचित पुढे आली होती. बाईंना काही कळेना. वर्गाला कळत होतं, आणि सगळा वर्ग थांबला.

"ब्... बाई. थांबा जरा."

मी उभी राहिले. 'ह' माझं अवघड अक्षर नव्हतं, पण एकट्याने म्हणायचं असलं की सगळीच अक्षरं अवघड होतात. बाईंचं पेन हजेरीवर टेकलेलं होतं. निमा माझ्या हाताकडे पाहत होती. या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

"हजर," मी म्हणाले.

बाईंनी खूण केली. मग त्यांनी वीस पुकारला, तेव्हा सरांनी गुंडाळी फलक चौकटीला टेकवून ठेवला, पेटी उचलली आणि ते निघून गेले.